एक टाकी, चार खण: फायटर माशाच्या आडपडद्याचा इतिहास

१/
नाशिकमधल्या शोभेच्या माशांच्या एखाद्या दुकानात गेलात, तर फळीवर ओळीने मांडलेले छोटे पारदर्शक पेले बहुधा नजरेस पडतील. प्रत्येक पेल्यात एकच मासा, कुठे गडद निळा, कुठे लाल, कुठे दुधी पांढरा. दोन पेल्यांच्या मध्ये कित्येकदा पुठ्ठ्याचा तुकडा खोचलेला असतो. दुकानदार या माशाला ‘फायटर’ म्हणतो. पुठ्ठा उचलला की दोन्ही मासे कल्ल्यांची झाकणे फुलवून एकमेकांकडे झेपावतात. आजचा थ्रेड त्या पुठ्ठ्याच्या तुकड्याविषयी आहे. त्याचा इतिहास वाटतो त्याहून जुना आहे आणि काहीसा अस्वस्थ करणाराही.

२/
अनेक तरुण मित्र विचारतात, ‘एकाच टाकीत चार फायटर ठेवता येतील का?’ मोकळे सोडून मुळीच नाही. टाकीत आडपडदे घालून, प्रत्येकाला स्वतंत्र खण देऊन मात्र ठेवता येतात. पण तो पडदा कसा असावा आणि कशासाठी असावा, याचे उत्तर शोधू गेल्यास आपण सयामच्या भातखाचरांत, कोलकात्याच्या एका नियतकालिकात, लंडनच्या काचपेट्यांत आणि युरोपच्या प्रयोगशाळांत जाऊन पोहोचतो. म्हणून आधी इतिहास पाहू आणि मग टाकीकडे वळू.

३/
या माशाचे शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स. मूळ घर थायलंड, म्हणजे पूर्वीचा सयाम. तेथे त्याला ‘प्ला कात’ म्हणतात, म्हणजे ‘चावणारा मासा’. भातखाचरे, पाणथळी, संथ वाहणारे गवताळ ओहोळ ही त्याची वस्ती. अशा उथळ, उबदार पाण्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून कल्ल्यांखेरीज त्याच्या डोक्यात नागमोडी घड्यांचे एक इंद्रिय असते. पृष्ठभागावर येऊन तो थेट हवा घेतो. नर लाळेच्या बुडबुड्यांचे घरटे पाण्यावर बांधतो, गळून पडणारी अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो आणि एकटाच त्यांची राखण करतो.

४/
त्याच्या भांडखोरपणाचे मूळ या राखणीत आहे. घरट्याभोवतीचा पाण्याचा तुकडा तो स्वतःचा मानतो आणि तेथे आलेल्या दुसऱ्या नराला हुसकावतो. मोकळ्या खाचरात हे भांडण बहुधा लवकर मिटते, कारण हरणाऱ्याला पळून जाता येते. गवतात शिरला की प्रसंग संपतो. बंद भांड्यात मात्र हरलेल्याला जायला जागाच नसते. ज्याला आपण या माशाचे क्रौर्य म्हणतो, त्यातला मोठा भाग भांड्याच्या भिंतींनी घडवलेला आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे ती पुन्हा येणार आहे.

५/
उरलेला भाग माणसाने घडवला. सयामी लोकांनी चिवट लढणारे नर निवडून त्यांचीच पैदास केली आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच चालू राहिले. २०२२ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बेट्टाच्या जवळच्या पाच जातींतील ९८ माशांचे जनुकसंच तपासले होते. माणसाने हा मासा पाळीव करण्यास किमान ४०० वर्षांपूर्वी सुरुवात केली असावी, असे त्यातून दिसते. म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माच्या आसपास किंवा त्याही आधी सयाममध्ये माशांची ही निवड सुरू झालेली होती.

६/
या खेळाची ठळक शास्त्रीय नोंद आपल्याच देशात छापली गेली. थिओडोर कँटर हा डॅनिश वंशाचा वैद्य ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होता. मलाया प्रदेशातील माशांची त्याची यादी १८४९ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आली. सयामी लोक या झुंजींवर मोठ्या रकमा लावतात, प्रसंगी स्वतःला आणि कुटुंबालाही पणाला लावतात, असे तो लिहितो. झुंजी भरवण्याचा परवाना मक्त्याने दिला जाई आणि त्यातून राजाला दरवर्षी चांगले उत्पन्न मिळे, हेही तो नोंदवतो. एका बोटाएवढ्या माशावर राजाचा महसूल उभा होता!

७/
आता पुठ्ठ्याकडे येऊ. झुंजीचे मासे सांभाळणारे प्रत्येक नर वेगळ्या बरणीत ठेवत. बरण्या शेजारी शेजारी मांडत आणि मध्ये आडोसा सरकवत. मासे सतत एकमेकांना पाहत राहिले तर आवेशातच थकून जातील, हे त्यांना ठाऊक होते. ठरावीक वेळी आडोसा काढायचा, नरांना थोडा वेळ कल्ले फुलवू द्यायचे आणि पुन्हा आडोसा घालायचा. ही त्यांची तालीम. म्हणजे पहिला आडपडदा माशाच्या शांततेसाठी नव्हताच. त्याचा राग झुंजीच्या दिवसापर्यंत शिल्लक राहावा, म्हणून तो होता.

८/
हे वाचून सयामी लोकांना नावे ठेवण्याची घाई नको. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. आजच्या महाराष्ट्राचा बराच भाग त्याच्या राज्यात होता आणि या ग्रंथात जुन्या मराठीचेही नमुने सापडतात. राजाच्या करमणुकींचे त्यात विस्ताराने वर्णन आहे. कोंबड्यांच्या, लावा पक्ष्यांच्या, मेंढ्यांच्या आणि रेड्यांच्या झुंजींना त्यात ‘विनोद’ म्हणून मानाचे स्थान आहे. प्राणी झुंजवून मन रमवण्याची रीत आपल्याही दरबारांत शास्त्रासारखी जोपासली गेली होती.

९/
त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. पण त्यात झुंज नाही. आहे ती गळाने मासेमारी: दोरी कशी असावी, कोणत्या माशाला कोणते आमिष द्यावे, गळाला लागलेला मासा कसा थकवावा. भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहिला. या बारीक निरीक्षणांचे मोल त्यामुळे शास्त्रज्ञांपुढे आले. एवढे सूक्ष्म पाहणाऱ्या राजाच्या ग्रंथातही मासे झुंजवण्याचा विनोद नाही. कारण साधे आहे: तसा मासा दख्खनच्या पाण्यात नव्हताच.

१०/
याची दुसरी साक्ष १८३९ ची आहे. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणारे विल्यम हेन्री साइक्स यांनी इथल्या नद्यांतील माशांवर प्रबंध प्रसिद्ध केला. भीमेच्या खोऱ्यातील कोळ्यांच्या तोंडची नावे त्यांनी थेट शास्त्रीय नावांत गुंफली. ‘कोलस’, ‘खुद्री’ अशी नावे जगभरच्या मत्स्यसूचींत आजही टिकून आहेत. त्या यादीत बेट्टा नाही. गोदावरीच्या काठच्या नाशकात हा मासा पाहुणा आहे. पाहुण्याची व्यवस्था यजमानाने पाहायची असते, हेही पुढच्या विवेचनासाठी ध्यानात असू द्या.

११/
नावाचा प्रवास बोलका आहे. कँटरने या झुंजार माशासाठी ‘प्युग्नॅक्स’ हे नाव वापरले, म्हणजे ‘भांडखोर’. डच शास्त्रज्ञ ब्लीकर यांनी १८५० साली ‘बेट्टा’ हे प्रजातिनाम रूढ केले. पुढे लंडनच्या टेट रीगन यांच्या ध्यानात आले की ‘प्युग्नॅक्स’ हे नाव एका वेगळ्याच जातीचे आहे. मग १९१० साली त्यांनी सयामी माशाला नवे नाव दिले, ‘स्प्लेंडेन्स’, म्हणजे ‘तेजस्वी’. साठ वर्षांत भांडखोराचा तेजस्वी झाला. मासा तोच राहिला, पाहणाऱ्याची अपेक्षा बदलू लागली.

१२/
ही अपेक्षा बदलली ती काचेमुळे. इंग्लंडने १८४५ साली काचेवरील कर उठवला आणि काच स्वस्त झाली. १८५० मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी दोन सोनमासे, एक पाणवनस्पती आणि काही गोगलगायी एका काचभांड्यात ठेवून दाखवले की पाण्याचा समतोल राखता येतो. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला. मासा आता बाजूने दिसू लागला, आणि त्याचे सौंदर्यही बाजूनेच दिसते.

१३/
बेट्टा या काचेच्या घरात आला आणि पैदाशीची दिशा फिरली. चिवटपणाऐवजी रंग आणि लांब पर हवेसे झाले. १९२७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रँक लॉक यांच्याकडे आलेले फिकट अंगाचे, लाल परांचे मासे त्यांना नवी जातच वाटले. प्रत्यक्षात ती माणसाने घडवलेली रंगछटा होती. आज बेट्टांची सौंदर्यप्रदर्शने भरतात. तेथेही भांडी शेजारी शेजारी असतात आणि मध्ये पुठ्ठा असतो. परीक्षक आला की पुठ्ठा उचलतात, मासा पर फुलवतो, गुण मिळतात. आखाडा गेला, पण पुठ्ठा तसाच राहिला.

१४/
विसाव्या शतकात आडपडदा प्रयोगशाळेत पोहोचला. डच शास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी काटेरी पाठीच्या स्टिकलबॅक माशांवर एक सुंदर प्रयोग केला. एकाच टाकीत हद्दी आखून राहिलेले दोन नर त्यांनी दोन काचनळ्यांत घेतले. नळ्या पहिल्याच्या हद्दीत नेल्या की पहिला चवताळे आणि दुसरा पळू पाही. दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या की नेमके उलट. शौर्य अंगात नसून जागेत आहे, हे काचेच्या भिंतीमुळे दिसले. १९७३ च्या नोबेल पुरस्कारात टिनबर्गन यांचा वाटा होता.

१५/
मग बेट्टाची पाळी आली. १९६३ साली ट्रॅव्हिस थॉम्पसन यांनी दाखवले की आरशातले स्वतःचे प्रतिबिंब पाहायला मिळावे, म्हणून बेट्टा नर एखादी कृती शिकतो आणि पुन्हा पुन्हा करतो. १९६८ साली एम. जे. ए. सिम्पसन यांनी दोन नरांच्या प्रदर्शनाची क्षणाक्षणाची नोंद केली: कोण किती वेळ कल्ले फुलवतो, कोण आधी पाठ फिरवतो. भिंतीपलीकडचा नर बेट्टाला नुसता ‘दिसत’ नाही, तो त्याला ओढून घेतो. म्हणून पारदर्शक पडद्याने अलग केलेले मासे जखमांपासून वाचतात, पण त्यांना निवांतपणा लाभत नाही.

१६/
सर्वांत उद्बोधक प्रयोग १९९८ चा आहे. रुई ओलिव्हेरा, पीटर मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्याने एका बेट्टा नराला काचेपलीकडून दोन अनोळखी नरांचा सामना पाहू दिला. नंतर त्याची विजेत्याशी आणि पराभूताशी गाठ घातली. सामना पाहिलेला नर विजेत्याशी सावधपणे वागला, त्याच्यापुढे जाण्यास त्याने अधिक वेळ घेतला. ज्याने सामना पाहिलाच नव्हता, त्याच्या वागण्यात असा फरक दिसला नाही. म्हणजे शेजाऱ्याचे काय चालले आहे, हे तो पाहतो आणि स्मरणात ठेवतो. पेल्यातला मासा मठ्ठ आहे, हा समज येथे ढासळतो.

१७/
महाराष्ट्रात काचेआडचे मासे पाहण्याची गोडी वाढवण्यात मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचा मोठा वाटा आहे. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या पिढीतल्या कित्येक मुलांनी पहिला शोभेचा मासा तेथेच पाहिला. पुढे घरच्या टाक्या आल्या, मुंबईतून नाशिकपर्यंत दुकाने पोहोचली. लहान भांड्यात तग धरतो, स्वतः हवा घेतो, म्हणून फायटर सर्वांत सोयीचा ठरला. तग धरणे आणि सुखाने जगणे यांतला फरक मात्र या सोयीत हरवून गेला.

१८/
आता नाशिककरांच्या टाकीकडे वळू. जुन्या वाड्याचे मोजमाप आपण खणांत करतो. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण: दोन खणी माजघर, तीन खणी ओसरी. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदत. आड एकच, चौक एकच, पण प्रत्येकाचा उंबरा वेगळा. अनेक फायटरांची टाकी ही अशीच असते. पाणी एक, ऊब एक, गाळण एक आणि खण निराळे. वाडा नीट नांदायचा तर भिंतीइतकाच आडोसाही लागतो, हे वाड्यात वाढलेल्यांना सांगावे लागत नाही.

१९/
नाशकात अशा टाकीला एक खास कारण आहे, आणि ते म्हणजे थंडी. हिवाळ्यात शहराचा पारा कित्येकदा १० अंशांखाली जातो. निफाडच्या गारठ्याच्या बातम्या तर दरवर्षी येतात. बेट्टाला साधारण २४ ते २८ अंशांचे पाणी लागते. फळीवरचे छोटे भांडे एका रात्रीत गार पडते. मासा तळाशी निपचित बसतो, अन्न सोडतो, रोगाला बळी पडतो. चार पेल्यांत चार हीटर बसवणे शक्य नसते. चार खणांच्या एका मोठ्या टाकीत मात्र एक हीटर आणि एक संथ फिल्टर सर्वांना पुरतो. अधिक पाणी सावकाश थंड होते आणि सावकाश घाण होते.

२०/
आता इतिहासाने शिकवलेली भिंत कशी असावी ते पाहू. ती अपारदर्शक किंवा दुधी हवी. पाण्याच्या पातळीच्या बरीच वर आलेली हवी आणि टाकीला झाकण हवे, कारण हा मासा उडी मारतो. पाणी खेळावे म्हणून भोके हवीत, पण त्यांत पर अडकू नयेत. झाकण आणि पाणी यांमध्ये मोकळी हवा राहिली पाहिजे, नाहीतर हवा घेणारा मासा गुदमरेल. प्रत्येक खणात निदान १० लिटर पाणी, लपायला वनस्पती आणि जमल्यास देशी बदामाचे एखादे वाळलेले पान. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी काढावे.

२१/
या व्यवस्थेतला दोषही सांगितला पाहिजे. पाणी एक, म्हणजे रोगही एक. एका खणातला मासा आजारी पडला की चौघांना धोका. म्हणून नवा मासा काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून, निरखून, मगच टाकीत घ्यावा. आजाऱ्यासाठी एक रिकामे भांडे हाताशी असावे. पडदा घट्ट बसला आहे ना, हे रोज पाहावे. एका रात्रीत सरकलेला पडदा म्हणजे सकाळी मेलेला किंवा फाटलेल्या परांचा मासा. आणि मादी शांत असते म्हणून दोन माद्या एका खणात चालतील, असे गृहीत धरू नये. त्याही झुंजतात.

२२/
या साऱ्याला कायद्याचीही बाजू आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खाजगी विधेयकातून चर्चा सुरू झाली आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यात ‘प्राणी’ म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव. मासाही त्यात आला. हालचालीस पुरेशी जागा न देता प्राणी कोंडणे आणि करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजीस उद्युक्त करणे, दोन्ही त्यात गुन्हे आहेत. मोबाइलवर चित्रफीत काढण्यासाठी पडदा उचलणाऱ्याने हे जरूर वाचावे.

२३/
थायलंडने २०१९ साली या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. पेल्यातून राष्ट्रचिन्हापर्यंतचा हा प्रवास थक्क करणारा आहे. पण या सगळ्या काळात आडपडदा कोणाच्या सोयीने हलला, ते पाहा. बरणीवाल्याने राग साठवायला घातला, परीक्षकाने तोरा पाहायला उचलला, शास्त्रज्ञाने वर्तन समजून घ्यायला पारदर्शक केला, दुकानदाराने जागा वाचवायला खोचला. माशाच्या गरजेचा विचार सर्वांत शेवटी आला.

२४/
हा मासा भांडतो, कारण त्याच्या पूर्वजांतले भांडखोर आपण निवडले. त्याला पळायला जागा नाही, कारण भांडे आपण बनवले. म्हणून भिंतीची जबाबदारीही आपलीच. चार खणांची टाकी लावणार असाल, तर पडदा घालण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा मी माझ्या नजरेसाठी घालतो आहे की त्याच्या विसाव्यासाठी? उत्तर दुसरे असेल, तर टाकी जरूर लावा.

थ्रेड समाप्त. तुमच्या गावी माशांच्या, पक्ष्यांच्या किंवा मेंढ्यांच्या झुंजींच्या जुन्या आठवणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील, तर खाली अवश्य लिहा. पुढचा थ्रेड त्यांवरच करू.